काखेतली खपली

शिवाजी पेठेतल्या खैरुनबी गेली तीस वर्षं बायकांची झंपरं शिवतात. नवरा गेल्यावर दोन लेकी त्यांनी याच मशिनवर मोठ्या केल्या. जुन्या गिऱ्हाइकांची मापं त्यांना तोंडपाठ. एखादीचं माप एकदम बदललं, की तिच्या घरी काहीतरी बिनसलंय हे त्यांच्या लगेच ध्यानात येतं.

दिवाळी झाली आणि जुन्या गिऱ्हाईक शालूबाईंच्या लेकीचा, तेजस्वीचा फोन आला. शालूबाईंच्या चार म्हशी. वैरणीसाठी त्या रोज नदीकडच्या बांधावर गवत कापायला जायच्या. बारा दिवस झाले, त्यांचा ताप हटत नव्हता. दोनदा रक्त तपासलं, डेंग्यू निघाला नाही. गोळ्या घेतल्या की उतरायचा, परत चढायचा. चार दिवसांवर तेजस्वीचा साखरपुडा, आणि आईला नवं झंपर ढगळ व्हायला लागलेलं.

खैरुनबी टेप घेऊन घरीच गेल्या. शालूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे लालभडक. खैरुनबींनी त्यांचा हात वर केला, काखेखालून टेप घातला आणि थांबल्या. काखेच्या मागच्या अंगाला विडीचा चटका बसावा तशी काळी खपली होती, भोवती लाल कडं.

"हे काय गं? दुखतंय?"

"न्हाय की. मला दिसतंय कुठं ते."

"डॉक्टरला दावलंस?"

"काखंत कसं दावू, भाभी? बाप्या माणूस त्यो. त्यानं जीभ बघितली, नाडी बघितली, झालं."

खैरुनबींना दुखण्यातलं फारसं कळत नव्हतं. पण न दुखणारी ती खपली त्यांना बरी वाटेना. त्यांनी टेप गुंडाळला. "तेजू, रिक्षा बोलीव. बाई डॉक्टरकडं जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी खपली नीट बघितली आणि विचारलं, "गवतात जाता का?"

"रोजच की. बांधावर घुशींची बिळंच बिळं हायत."

"मग स्क्रब टायफस असणार. उंदीर-घुशींच्या अंगावर अगदी बारीक किडे असतात. ते गवतातनं माणसाला चावतात, चावलेलं कळतही नाही. रक्त पाठवते, पण गोळ्या आजच सुरू करू. वेळेत आलात."

तेजस्वी रडायला लागली. खैरुनबींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढचे दोन दिवस त्यांची शिवण सारखी वाकडी जात होती. उसवायची, परत घालायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी शालूबाईंचाच फोन आला.

"भाभी, घाम फुटला बघ. ताप न्हाय आता. अर्धी भाकरी मागून खाल्ली."

 खैरुनबी दटावून म्हणाल्या, "गोळ्या सगळ्या संपीव. आन् गवताला गेलीस तर अंगभर कापडं घालून जा. आल्या आल्या आंघोळ करायची."

"व्हय, डॉक्टरीणबाई बी तेच म्हणाल्या."

फोन ठेवून खैरुनबींनी दुकानाचं दार लोटलं, कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकलं आणि भरदुपारी गाढ झोपल्या.