दुपारच्या जेवणाला हैदराबाद

आई तालुक्याच्या गावी, कन्नडला राहते, मी शहरात शाळेत शिकवते. आईची थोरली बहीण लग्न होऊन हैदराबादला गेली आणि तिकडचीच झाली. दोघी फोनवर रोज बोलत. पण आईच्या कंबरेचं ऑपरेशन झालं, मावशीचे गुडघे गेले आणि रेल्वेचा रात्रभराचा प्रवास दोघींनाही झेपेना. कित्येक वर्षांत भेट नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी सहज मोबाइलवर पाहिलं. शहरालगतच्या चिकलठाणा विमानतळाहून हैदराबाद, विमानानं जेमतेम सव्वा तास. आईला फोन केला.

“कुणाला फसवती गं?” ती म्हणाली. “तेवढ्या येळात कन्नडची बस तुझ्या गावात शिरत नाय.”

“बस वळसे घेत येते. विमान सरळ जातं.”

“मंग काढ तिकिटं. पर अक्काला मीच सांगंन.”

तिनं सांगितलं ते थेट विमानतळावरून. “अक्का, दुपारी जेवायला येते. भरली वांगी कर.” मावशी पलीकडून खळखळून हसली. “ये की, ताट मांडून ठेवते.” आणि फोन ठेवून दिला.

विमान उडताना आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. ढग खाली गेल्यावर सैल सोडलं, आणि मग खिडकीतून तिची नजर हलेना. कंबर अवघडायच्या आतच विमान उतरू लागलं.

“काय झालं? बिघडलं का काय?”

“काही नाही. हैदराबाद आलं.”

ती खिडकीतून खालची घरं बघू लागली. मग हळूच म्हणाली, “एवढ्या जवळ व्हती व्हय अक्का?”

विमानतळापासून मावशीच्या घरापर्यंतच्या गर्दीत टॅक्सीला विमानापेक्षा जास्त वेळ लागला. आईनं कुरकुर केली नाही. “आता काय, एकाच गावात हाव आमी,” म्हणाली.

दार मावशीनंच उघडलं. क्षणभर तिला काही उमगेना. मग आईचे दोन्ही दंड धरून ती ओरडलीच, “अगं बया! मला वाटलं थट्टा करती! मी वांगी नाय केली!”

सकाळची खिचडी आणि खट्टा, म्हणजे तिकडचं चिंचेचं आंबट सार, एवढंच होतं. तेच आम्ही पोटभर जेवलो. नंतर दोघी एकाच पलंगावर आडव्या झाल्या आणि चहाची वेळ टळून गेली तरी त्यांचं बोलणं सरेना.

परतायच्या दिवशी मी टॅक्सी बोलावली, तर मावशी नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात उभी. मुलाकडून तिनं गुपचूप तिकीट काढून घेतलं होतं. विमानात आईनं तिला खिडकीशी बसवलं आणि मुरलेल्या प्रवाशाच्या थाटात बजावलं, “आता कानाला दडे बसतील. घाबरायचं नाय, आवंढा गिळायचा.”

मावशी संक्रांतीपर्यंत कन्नडला राहिली. परतीचं कधीचं काढू, म्हणून तिचा मुलगा मला सारखा विचारायचा. मी मावशीला विचारलं की ती म्हणायची, “बघू. घाई काय हाय?”