मूळमास्तरांवरचा चार्ज

शब्दाचा अर्थ विचारला की मूळमास्तर आधी त्याचं मूळ सांगत; त्याशिवाय अर्थ हाती लागू देत नसत. कल्याणच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे. हे नाव मुलांनी ठेवलेलं, पण पाठीमागे आम्ही शिक्षकही तेच वापरायचो. पन्नास सालाच्या सुमाराला मी कोपरीहून तिथं नोकरीला जाऊ लागले. वर्गावर उभं कसं राहायचं, हे मला त्यांनीच शिकवलं.

एकदा मधल्या सुट्टीत वर्तमानपत्रातल्या लाठीचार्जवर बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, "मास्तर, चार्ज म्हणजे हल्ला. मग शाळेचा चार्ज तुमच्याकडे, तो कसला?"

मास्तर खुलले. "बाई, लॅटिनमध्ये गाडीला कारुस म्हणत. चार्ज म्हणजे मुळात गाडीवर माल लादणं. माणसावर जबाबदारी लादा, तो चार्ज. आरोप लादा, तोही चार्जच." चहा निवून गेला तरी ते बोलतच होते.

मुख्याध्यापकांची जागा रिकामी होती आणि तीन वर्षं मास्तर इन-चार्ज होते. त्यांना कायम कुणी करत नव्हतं, आणि तेही कुणाच्या पायऱ्या झिजवत नव्हते. अशात शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणिसांचा पुतण्या इंग्रजीत नापास झाला. चिटणीस स्वतः उत्तरपत्रिका घेऊन आले. "चार गुणांचा तर प्रश्न आहे, मास्तर."

"गुणांचा नाही, साहेब. अकरा चुकांचा आहे."

महिन्याभरात मास्तरांवर चौकशी बसली. आरोप असा, की अभ्यासक्रम सोडून ते भलतंच शिकवतात. चिटणिसांनी मला बोलावून घेतलं. "बाई, तुम्ही अजून कायम नाही, ठाऊक आहे ना? दोन ओळी लिहून द्या. खोटं नकोच."

घरी वडील अंथरुणाला खिळलेले, मिळवती मी एकटी. मी लिहून दिलं, की मास्तरांच्या तासाचा बराच वेळ शब्दांच्या व्युत्पत्तीत जातो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्याच तासांमुळे मुलांना इंग्रजीची भीती वाटेनाशी झाली होती, एवढं मात्र मी लिहिलं नाही.

चौकशी समितीसमोर माझ्यादेखत मास्तरांनी माझा कागद दोनदा वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वाक्यरचना चांगली आहे, बाई." त्याच संध्याकाळी त्यांनी किल्ल्या चिटणिसांच्या हातात दिल्या. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. निरोप द्यायला एकही उठला नाही.

पुढं ते आंबिवलीला एका लाकडाच्या वखारीत लिहिण्याचं काम करत असल्याचं कळलं. मी गेले, पण कधी? नोकरीत कायम झाल्यावर. त्यांच्या पत्नीनं चहा दिला. मास्तरांनी माझ्या वडिलांची चौकशी केली. ते गेल्याचं मी सांगितलं.

शेवटी मी म्हटलं, "मास्तर, मी माफी मागायला आले आहे."

"मागितलीत की तुम्हाला बरं वाटेल?"

"हो."

"मग मागू नका," ते म्हणाले.

स्टेशनपर्यंत मात्र ते सोबत आले. गाडी येईपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले.