साक्षीदार नसलेली सही

आमच्या शेजाऱ्यांइतका सरळ माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नव्हता, आणि इतका त्रासदायकही. मोजणीखात्यातून ते निवृत्त झाले, पण खिशातला टेप काही निवृत्त झाला नाही. लग्नाला गेले तरी मांडवामागच्या गटाराचा उतार मोजून यायचे आणि अक्षता टाकता टाकता यजमानाला सांगायचे, "पाणी उलटं जातंय तुमचं." एकदा दोन दिवस नळ कोरडा होता, तर मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर रिकामी कळशी ठेवून संध्याकाळपर्यंत समोर बसले. चहा पुढे केला तेव्हा म्हणाले, "याला पाणी कुठलं, ते आधी सांगा."

ऐंशीच्या दशकात अशा माणसाने नगरपालिकेला अपक्ष उभं राहायचं ठरवलं. अर्ज भरण्याआधीच दारोदार जाऊन, मोरीचं पाणी रस्त्यावर सोडल्याबद्दल ते मतदारांनाच झापू लागले. एक मासळीवाली म्हणाली, "काय वो भाऊ, मतं मागायला आलाव की भांडायला?"

"दोन्ही."

"मग माझं मत तुमालाच."

लोक हसत होते, पण त्यांच्या बाजूला झुकत होते. जुन्या नगरसेवकांच्या ते ध्यानात आलं. अर्जावर सूचक म्हणून सही माझी होती. छाननीच्या आदल्या दिवशी त्यांच्यातले एक माझ्या घरामागच्या, विनापरवाना बांधलेल्या पडवीत येऊन बसले. "गार वाटतं हो अप्पा इथे. पाडावी लागली तर वाईट वाटेल. उद्या 'सही माझी नाही' म्हणा, झालं."

दुसऱ्या दिवशी छाननीत निवडणूक अधिकाऱ्यांनी विचारलं. मी म्हणालो, "माझी नाही."

शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग अधिकाऱ्यांना म्हणाले, "दोन पंच उभे केल्याशिवाय मी कधी कुणाची हद्द मोजली नाही, साहेब. अप्पांच्या सहीला मात्र साक्षीदार ठेवला नाही. माझ्याकडे पुरावा नाही."

अर्ज बाद झाला. त्यानंतर त्यांनी गटाराबद्दल तोंड उघडलं की लोक म्हणत, "आधी ती खोटी सही कुणी केली ते सांगा." हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. मला मात्र कधी एका शब्दाने विचारलं नाही. आजारी असताना भेटायला गेलो, तर बायकोला म्हणाले, "अप्पांना पाणी दे, उन्हातून आलेत." मी पाणी प्यायलो आणि उठलो. दारात वहिनींनी हळूच विचारलं, "अप्पा, यांनी खरंच केली होती का हो तुमची सही?" मी म्हणालो, "जाऊ दे आता, वहिनी."

पुढे आठवड्याभरात ते गेले.

सही माझीच होती. त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांच्याच पेनाने मी ती केली होती. वहिनी आता मुलीकडे असतात. त्यांना दिसत नाही म्हणे. कुणीतरी एवढं त्यांना वाचून दाखवावं.