गोचिडीवर बुरशी

तुमच्या गोठ्यात कुणी विकतची बुरशी आणून शिंपडू लागला, तर तुम्ही त्याला शिंपडू द्याल का?

माझ्या आत्यानं शिंपडू दिली. पण आधी मला चांगलंच झापलं. "भाकरीला बुरशी आली तर आमी उकिरड्यावर टाकतो, आन् तू पिशवीत घालून आणलीस व्हय रं?"

आत्या आटपाडीकडची. मेंढरं गेली, आता थोडी शेती आणि एक कालवड. त्या कालवडीच्या कानात, शेपटीखाली, मांड्यांत गोचिडी चिकटलेल्या. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. नेहमीच्या फवाऱ्याला गोचीड दाद देत नव्हती, आणि कालवड जगते की नाही याचा आत्याला घोर लागला होता.

मी रासायनिक औषधांविरुद्धच्या चळवळीच्या पत्रकांवर वाढलो. आमच्या घरी दूध येवो न येवो, पत्रकांचा गठ्ठा यायचा. फवाऱ्यातलं विष दुधात उतरतं आणि गोचीड मात्र मरत नाही, तर ते विकायचं कशाला, असं मी स्वतः लिहिलंय, आजही लिहीन. म्हणून पलूसचा मित्र उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीसाठी वापरतो ती बुरशी घेऊन गेलो. ती किडीच्या अंगावर रुजते आणि किडीला मारते. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर बजावलं, "कालवडीवर नको. भिंतीच्या भेगांत मारा, अंडी तिथं असतात. तिला मी येऊन बघतो."

शनिवारी संध्याकाळी मी भेगा भिजवल्या. रविवारी उठलो तर गोठा पिवळाधमक. आत्यानं देवाचा भंडारा कालवडीवर उधळला होताच, भिंतीच्या भेगांतही मुठीनं भरला होता.

"आत्या, हे काय केलंस? हळदीनं बुरशी मरते!"

"मरंना का. गोचीड मारायची हाय का बुरशी जगवायची हाय?"

"अगं, बुरशीच गोचीड मारणार होती."

"मग भांडू दे त्यास्नी. जी जितंल ती आपली."

हळद बुरशीला आवरते, हे माझ्याच एका पत्रकात छापलेलं. ते खरं धरावं तर बुरशी वाया गेली. खोटं धरावं तर पत्रक.

दुपारी डॉक्टरांनी येऊन सुई दिली. संध्याकाळी आत्यानं वर करंजाचं तेल चोळलं. हळूहळू गोचिडी गळल्या, कालवड वैरणीला तोंड लावू लागली. आत्या म्हणते देव. मित्र म्हणतो बुरशी. डॉक्टर म्हणतात सुई. मला खरंच कळत नाही. कालवड जगली याचा आनंद आहे, पण शेजारीण येऊन विचारते, "दादा, आमच्या म्हशीच्या गोठ्यात काय मारू?" तेव्हा माझ्या तोंडातून घोषणा निघतात, उत्तर निघत नाही. नैसर्गिक ते चांगलं, एवढंच मी शिकलो होतो. दोन नैसर्गिक गोष्टी एकमेकींच्या जिवावर उठू शकतात, हे कुणी छापलंच नव्हतं.

म्हणून विनंती करतो. आजारी जनावर डॉक्टरलाच दाखवा. पण गोठ्याच्या एका भिंतीला एकच उपाय करा, समोरची भिंत तशीच सोडा, आणि काही आठवड्यांनी दोन्हीकडच्या भेगा उकरून गोचिडी कुठं कमी आहेत ते बघा. जे दिसेल ते, फसलेलं असलं तरी, शेजारच्या गोठ्यात जाऊन सांगा.