सुपातले उष्टे कप

मी नेलेल्या कोऱ्या सुपात त्यांनी चहाचे उष्टे कप टाकले. पहिला कंपनीच्या साहेबानं. मग त्याचं बघून कापडवाल्या शेठनं. मग काय, रांगच लागली. माझ्या डोळ्यांदेखत.

आम्ही बुरूड. बुरहानपुरात बांबूच्या टोपल्या, सुपं विणतो. लग्न कुणाचंही असो, हळदीला सूप आमचं. बाळ निजवायला सूप आमचं. शुभकामाला बोलावणं आलं तर आम्ही रिकाम्या हातानं जात नाही. गाव नवं करायचं म्हणजे शुभकामच की, असं मला वाटलं. मीच येडी. काठाला हळद लावून कोरं सूप नेलं.

बोलावणं चौक नवा करणाऱ्या कंपनीचं होतं. जुना चौक, मागच्या गल्ल्या, सगळं बदलायचंय, रहिवाशांचं मत पाहिजे, 'राय' पाहिजे म्हणाले. चौकामागची गल्ली आमची. गल्लीत बांबू चिरायचा, तिथंच कामट्या वाळवायच्या, ओट्यावर बसून विणायचं. गल्ली गेली की पोट गेलं. म्हणून शेजारच्या मथुराकाकूला आणि बाकीच्या बायांना घेऊन गेले. काय बोलायचं ते रस्त्यानं घोकत गेले.

हॉलमध्ये व्यापाऱ्यांना खुर्च्या. आम्हाला मागं सतरंजी. सूप मी पुढं खुर्च्यांपाशी ठेवलं होतं; चहा आमच्यापर्यंत आलाच नाही, उष्टे कप तेवढे सुपात पडले.

मधल्या टेबलावर चौकाचा थर्माकोलचा नमुना मांडलेला. मी आमची गल्ली शोधली. नव्हतीच. तिथं हिरवं गवत चिकटवलेलं आणि वर इवली इवली बाकडी. मी बोट पुढं केलं.

"साब, यहाँ हम रहते हैं."

"हाथ मत लगाओ. गंदा हो जाएगा."

माय वं! आमच्या सुपात निजून मोठे झालेले हे, आणि आमचा हात गंदा! तरी मी हात मागं घेतला आणि सतरंजीवर येऊन बसले. माझ्या सासूनंही असाच घेतला असता. अंगातच भिनलंय ते.

मग कॅमेरावाला आला. साहेब म्हणाला, "सब बस्तीवाले हाथ ऊपर करो. फोटो में दिखना चाहिए कि सब राज़ी हैं."

यासाठी बोलावलं होतं आम्हाला. मघाशी गंदा असलेला हात आता फोटोला चालत होता.

बायांचे हात वर चालले. मथुराकाकूचासुद्धा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "काकू, हात खाली! तुझ्या ओट्यावर गवत लावून राह्यले हे!"

काकूनं दचकून हात खाली घेतला. मग बाकीच्यांनीही घेतले.

मी उठले. सूप उचललं. टेबलापाशी गेले आणि सगळे कप त्या गवतावर उपडे केले. तळाचा चहा बाकड्यांवरून वाहिला.

"पागल है क्या ये औरत?"

"राय माँगी थी ना, साब? ये लो."

फोटो निघाला नाही. नमुना दुसरा बनवतील, एवढं मला कळतं. त्यांचा माणूस गल्लीत येऊन पोलिसाची भीती दाखवून गेला. दाखवू दे मेल्याला.

सूप मी धुतलं नाही. चहाच्या डागांसकट गल्लीच्या तोंडाशी टांगलंय. आता मत पाहिजे असेल तर साहेबानं इथं यावं, आमच्या ओट्यासमोर, आणि खाली बसावं. खुर्ची मिळणार नाही. आणि गल्ली पाडायला मशीन घेऊन आला, तर आम्ही सगळ्या गल्लीच्या मधोमध विणत बसलेल्या असू. एकही उठणार नाही.