दवाखान्याच्या अंगणातली लाल पावलं

"रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मला पाण्याखालून आल्यासारखा वाटला. आरटी-पीसीआर, म्हणजे नाकातोंडातल्या नमुन्यात विषाणू शोधणारी तपासणी. भूगावच्या फ्लॅटमधून मी थेट मुळशीतल्या कोविड सेंटरमध्ये, खिडकीजवळच्या खाटेवर.

ऑक्सिजन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात प्राणवायू किती आहे ते, खालीवर होत होतं. तापात खिडकीबाहेरचं अंगण तरंगायचं. रांगेत अंतर राहावं म्हणून सिमेंटवर लाल पावलं रंगवली होती, दाराकडे जाणारी. ग्लानीत ती मला चालताना दिसायची, गौरी घरात येतात तशी. जिवाला गार वाटायचं.

मुठा गावाहून आई रोज पेजेचा डबा घेऊन त्या रांगेत उभी राहायची. तिला दमा. एका दुपारी ताप उतरला आणि मला स्वच्छ दिसलं, पावलांवर कुणीच उभं नव्हतं. सगळी माणसं पावलं सोडून कडेच्या पट्टीत दाटीवाटीनं उभी, आणि मागचा माणूस आईच्या मानेवर खोकत होता.

फोन केला. "आई, पावलांवर उभी राहा गं!"

"लक्षुमीच्या पावलांवर पाय ठिवू व्हय? मंग तू कसा बरा व्हशील?"

माझी नोकरी मोबाइल अॅपमधली चिन्हं काढण्याची. पडल्यापडल्या चित्र काढलं: रिकामा पिवळा गोल, बाजूला 'इथे थांबा'. गेट, औषधाची खिडकी, तपासणीची खोली, सगळीकडे तोच गोल, तोच रंग. ते डॉक्टर मॅडमना दाखवलं, आईचं म्हणणंही सांगितलं.

"आम्ही ओरडून ओरडून घसा बसवला, आणि कारण हे!" डॉक्टर मॅडम म्हणाल्या. सफाईच्या मावशींनी आधी हात जोडले, मगच पावलांवर चुना फिरवून पिवळे गोल काढले.

तोवर आईला कणकण आली होती. तिच्या रिपोर्टची वाट पाहताना मी देवाला नाही नाही ते बोललो. स्वतःच्या आजारात इतका घाबरलो नव्हतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेव्हा देवाची माफीही मागितली.

तुमचं माणूस अशा रांगेत असेल, तर पाटी लावली म्हणून निर्धास्त राहू नका. माणसं उभी कुठे राहतात ते एकदा बघा.

डिस्चार्ज मिळाला तेव्हा आई बाहेर गोलात उभी होती. मी धावतच निघालो. तिनं हात वर केला.

"तितंच थांब. तुज्या गोलात ऱ्हा."

राहिलो. दोघंही आपापल्या गोलात उभे राहून रडलो, आणि मागच्या रांगेतलं कुणीसुद्धा पुढं सरकलं नाही.