हातांवर बसणारी करुणाताई

करुणाताई तांडेल स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. नव्या मुलाच्या प्रोग्राममधली चूक दिसली की तिचे हात शिवशिवायचे, आणि आपण त्याचा कीबोर्ड ओढून घेऊ अशी तिला भीती वाटायची. "मी टाइप केलं तर मला येईल. मला येतंच की," ती म्हणायची. "तू चुक. मी बसलेय."

अंधेरीतल्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ती तिसऱ्या वर्षाला होती, मी पहिल्या. कॉलेजने तेव्हा मेंटॉर योजना काढली होती. जुन्या विद्यार्थ्यांनी नव्यांना सांभाळून घ्यायचं. उद्घाटनाला समई पेटली, गुलाब वाटले गेले, आणि संवादाच्या महत्त्वावर समन्वयक सर दीड तास एकटेच बोलले. प्रत्येक मेंटॉरने दर आठवड्याला एक फॉर्म आणि दोन फोटो द्यायचे होते. बाकीचे मेंटॉर मुलांना फोटोपुरते भेटत. करुणाताईचा फॉर्म कोराच जाई. सरांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "हात मोकळे नव्हते, सर."

मी दहिसरच्या चाळीतून, मराठी माध्यमातून आलेलो. वर्गात सगळे मान डोलवत, म्हणून मीही डोलवायचो. पहिल्या चाचणीत वीसपैकी दोन मिळाले. मी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहिला आणि इंग्रजी तपासायला तिच्याकडे नेला.

"इंग्रजी ठीक आहे रे. कारण चुकलंय," ती म्हणाली. "घरगुती अडचण लिहिलंयस. घरी काय झालंय?"

"काही नाही."

"मग खरं लिही."

मी लिहिलं, मला काही कळत नाही.

"काही म्हणजे काय काय? यादी कर."

वही भरेल असं वाटलं होतं. यादी पाच ओळींत संपली.

"यातल्या तीन गोष्टी समन्वयक सरांनाही येत नाहीत," ती म्हणाली. "त्यांची नोकरी चाललीये ना?"

त्यानंतर रोज कॉलेज सुटल्यावर आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो. ती हातांवर, मी घामात. सेमिस्टरला मी काठावर पास झालो.

त्याच सुमारास कॉलेजला शोध लागला की तिचा स्वतःचा गणिताचा पेपर दोनदा राहिलाय. नापासाने मार्गदर्शन करणं नियमात बसत नव्हतं. तिला काढलं आणि आम्हा मुलांना कागदोपत्री एका पहिल्या आलेल्या मुलाकडे वळवलं. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली. "ज्याने कधी गटांगळी खाल्ली नाही, त्यालाच बुडत्याकडे पाठवायचं." वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली मुलगी, तिला तेवढं कळत होतं. कॅन्टीनमधलं टेबल मात्र कोणी काढून घेतलं नाही.

वर्षअखेरीला त्या मुलाला उत्कृष्ट मेंटॉरचा चषक मिळाला. त्याचे फॉर्म पूर्ण होते. त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायला मला मंचावर बोलावलं. मी म्हणालो, "यांना मी आज पहिल्यांदाच भेटतोय. मला शिकवलं करुणा तांडेलने."

मग समन्वयक सरांनी माइक घेतला. "बघा, मुलं किती मोकळेपणाने बोलायला लागली. हेच आपल्या योजनेचं यश."

टाळ्या पडल्या. चषक त्यालाच गेला.

बाहेर करुणाताईने मला झापलं. "माझं नाव कशाला घेतलंस? माझा पेपर हेच लोक तपासणार आहेत." मग डोळे पुसले.

गणित तिने तिसऱ्या खेपेला सोडवलं, आणि पदवी घेऊन ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली. जाताना म्हणाली, "अडलास तर फोन कर. पण आधी तासभर अडून बघ."

तीन वर्षांत मी तिला दोनदाच फोन केलाय. दोन्ही वेळा तिने आधी विचारलं, "किती वेळ झाला?"